लग्नाच्या हॉलमधला चॅम्पियन

तुकोगंजकर
रविवार, सकाळी ९.१०

परवा आमच्या सकाळच्या बॅडमिंटन कोर्टावर वाद झाला. एरवी वाद पोह्यांच्या गाडीपर्यंत टिकत नाही, हा जिलबी संपली तरी मिटला नाही. म्हणून इथे आणतोय.

झालं असं. बारा-तेरा वर्षांची पोरं खेळत होती. त्यातल्या एकाने मागून स्मॅशचा पूर्ण आव आणला आणि ऐनवेळी मनगट सैल सोडून फूल नेटच्या पट्टीला लागून अलगद पलीकडे उतरवलं. समोरचा जागच्या जागी. मी 'वाह!' म्हणणार तेवढ्यात त्या पोराचे वडील बाहेरून ओरडले, "अरे मार ना! गुदगुल्या काय करतोस!" पोरगं बिचारं पुढची पंधरा मिनिटं नुसतं हाणत होतं. निम्मी फुलं नेटमध्ये.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, अहो, ह्या गुदगुल्यांवर एक माणूस ऑल इंग्लंड, बॅडमिंटनची सगळ्यात मानाची स्पर्धा, जिंकून आला होता. ते म्हणाले, "कोण?" मी नाव सांगितलं, प्रकाश पदुकोण. तर म्हणे, "अच्छा, दीपिकाचे वडील. तो काळ वेगळा होता, भिया."

तो काळ वेगळा होता हे खरंच. पण कसा वेगळा होता ते त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की मलाही अर्धंमुर्धंच माहीत होतं. १९८० साली मी तेरा वर्षांचा. पेपरात फोटो पाहिला होता, वडील दोन दिवस खुशीत होते, एवढीच आठवण. मग जमेल तेवढं वाचलं, जुन्या लोकांना विचारलं.

मला सगळ्यात भावली ती सुरुवात. प्रकाशचे वडील रमेश पदुकोण म्हैसूर बॅडमिंटन असोसिएशनचं काम बघायचे. बंगळुरात तेव्हा धड कोर्टं नव्हती. मल्लेश्वरममधला कॅनरा युनियनचा हॉल होता, आणि तो मुळात लग्नाचा हॉल! लग्न नसेल तेव्हा खेळ. लग्नसराई आली की सराव बंद. १९६२ साली प्रकाश सात वर्षांचा असताना राज्याच्या ज्युनियर स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. दोन वर्षांनी तीच स्पर्धा जिंकली.

हे वाचून मी हसलो, कारण आमच्याकडेही तेच होतं. समाजाच्या हॉलमध्ये चुन्याने रेषा मारून आम्ही खेळायचो. आदल्या दिवशी लग्न झालेलं असलं की फरशीवर अक्षता. कॅनव्हासच्या बुटाखाली चार दाणे आले की माणूस थेट वधूपक्षाच्या खोलीत. वर पंखे खाली लोंबलेले, त्यामुळे उंच टॉस मारला की फूल पंख्यावर. सगळे आपोआप ड्रॉप आणि पुश शिकले. (आमच्यातून कोणी चॅम्पियन निघाला नाही. हॉलचा दोष नव्हता.)

पुढचं भराभर सांगतो. १९७१-७२ च्या मोसमात, वय सोळा, ज्युनियर आणि सीनियर दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपदं एकदम. तिथून सीनियरची सलग नऊ वर्षं. १९७२ ला अर्जुन पुरस्कार. १९७८ ला एडमंटनला राष्ट्रकुलचं सुवर्ण. १९८० च्या मोसमात डेन्मार्क ओपन, स्वीडन ओपन आणि मग ऑल इंग्लंड, ओळीने तिन्ही. जागतिक क्रमवारीत पहिला.

आता ती फायनल. वेम्बली, समोर इंडोनेशियाचा लिम स्वी किंग. १९७८ आणि ७९ चा विजेता, म्हणजे तिसऱ्यांदा जिंकायला आलेला. हवेत उडी मारून स्मॅश मारायची त्याची ख्याती अशी की त्या फटक्यालाच लोक 'किंग स्मॅश' म्हणायचे. अशा माणसाला प्रकाशने १५-३, १५-१० असं सरळ हरवलं. आणि कशाने? हाफ स्मॅश, ड्रॉप आणि मागच्या रेषेवर टॉस. किंगला हवा असलेला वेग त्याने मिळूच दिला नाही. जोरात मारणाऱ्याला समोरून जोर लागतो, तो आलाच नाही तर त्याचे हात बांधल्यासारखे होतात. माझ्या मते त्या दिवशी प्रकाशने किंगशी बॅडमिंटन खेळण्याआधी त्याच्या घड्याळाशी खेळ केला.

माझं म्हणणं इतकंच की आजच्या पोरांना हे शिकवायला हवं. त्या वडिलांचं म्हणणं, आजच्या खेळात ह्याला वाव नाही. तुमचं काय म्हणणं?

---

सराफ्यातली खवय्यी
रविवार, सकाळी ९.४८

छान लिहिलंय काका. खेळातलं शून्य कळतं, पण अक्षतांवरून घसरायचं वाचून चहा सांडला. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

शंकासुर
रविवार, सकाळी १०.२५

लेख आवडला, पण नेहमीप्रमाणे थोडं मीठ टाकतो.

१९८० च्या ऑल इंग्लंडमध्ये चिनी खेळाडू होते का? नव्हते. चीन तेव्हा आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघातच नव्हता. दोन वेगळ्या संघटना होत्या, त्या १९८१ ला एक झाल्या आणि त्यानंतर चिनी लोक ऑल इंग्लंडला यायला लागले. १९८३ ला तर लुआन जिन जिंकूनच गेला. म्हणजे निम्मी फौज बाहेर असताना आपण लढाई जिंकलो. पदुकोण थोर आहेतच, पण 'जगज्जेता' वगैरे म्हणताना एवढं ध्यानात असावं.

---

तुकोगंजकर
रविवार, सकाळी ११.०२

शंकासुरजी, मुद्दा चोख आहे. मला ठाऊक नव्हता असं म्हणत नाही, लिहायचा राहिला. पण आता तुम्हीच दार उघडलंत तर पुढचा पाहुणाही आत घ्या.

१९८१. दोन्ही संघटना एक झाल्या आणि त्याच वर्षी क्वालालंपूरला वर्ल्ड कप झाला. चीनचे खेळाडू हजर. फायनलला प्रकाशसमोर हान जियान. हा भिंतीसारखा खेळाडू, हार न मानणारा. निकाल १५-०, १८-१६.

पंधरा-शून्य. चीनच्या माणसाला. फायनलमध्ये.

मला तर १९८० पेक्षा हा विजय मोठा वाटतो आणि आपल्याकडे त्याचं कोणी नावही काढत नाही. ऑल इंग्लंड ह्या नावातच वजन आहे ना, साहेबाच्या गावातला विजय!

---

शंकासुर
रविवार, सकाळी ११.१५

१५-० माहीत नव्हतं. शंका मागे. मीठ परत घेतो, निम्मं.

---

नवशिका_०७
रविवार, दुपारी १२.३०

एक बावळट प्रश्न. गेम पंधराचा होता ना? मग १८-१६ कसा काय? आणि १५-० म्हणजे समोरच्याने एकही रॅली जिंकली नाही??

---

जुनी प्रेस
रविवार, दुपारी १.५०

नवशिका, प्रश्न बावळट मुळीच नाही. आजच्या एकवीसच्या पोरांना हे कळणं कठीणच.

आमच्या वेळी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट. समोरच्याने रॅली जिंकली की पॉइंट नाही, फक्त सर्व्हिस त्याच्याकडे जायची. 'सर्व्हिस ओव्हर'. त्यामुळे १५-० मध्ये हान जियानने रॅल्या जिंकल्या असतील, पण आपल्या सर्व्हिसवर एकही नाही. तासभर घाम गाळून बोर्ड तसाच, असं चालायचं. हे सगळं २००६ ला बदललं, तेव्हापासून प्रत्येक रॅलीला पॉइंट आणि गेम एकवीसचा.

आता १८-१६. पुरुषांच्या गेममध्ये तेरा-तेरा झाले की जो आधी तेरावर पोचला त्याला मुभा असायची की आणखी पाच खेळू, म्हणजे अठरापर्यंत. ह्याला 'सेटिंग' म्हणायचे. चौदा-चौदाला मागितलं तर तीन, म्हणजे सतरापर्यंत. तर १८-१६ म्हणजे तेरा-तेराला सेटिंग झालं होतं. पहिला गेम शून्यावर गमावलेला माणूस दुसऱ्यात इथवर आला, हेही हान जियानचं काय ते मोठेपण.

जाता जाता, तुकोगंजकर, मी तुमच्याहून बराच मोठा. लाकडी रॅकेटवर खेळलोय. रॅकेटला प्रेस लावावी लागायची, लाकडी चौकट, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. पावसाळ्यात एक रात्र विसरलात की सकाळी रॅकेटचा पापड. गटची (जनावराच्या आतड्याची) तार ओली झाली की गेली. असल्या रॅकेटने स्मॅश मारून मारून किती मारणार? टच, म्हणजे हा मनगटाचा अलगद खेळ, आमची हौस नव्हती हो, गरज होती.

---

सांगलीचा भडंग
रविवार, दुपारी ३.०५

इतका वेळ गप्प बसलो. मराठी माणसांचा धागा, टचचा विषय, आणि नंदू नाटेकरांचं नाव नाही? इंदूरकरांनो, जिलबी जास्त झाली का?

नाटेकर जन्माने आमच्या सांगलीचे, १९३३. आधी टेनिस खेळायचे. ज्युनियर राष्ट्रीय फायनलला रामनाथन कृष्णनकडून हरले आणि मग बॅडमिंटनकडे वळले. कृष्णनचे उपकारच म्हणायचे. १९५३ ला पहिलं राष्ट्रीय एकेरी अजिंक्यपद, पुढे एकूण सहा. १९५४ ला ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत. आणि १९५६ ला मलायात (आजच्या मलेशियात) सेलांगोर इंटरनॅशनल जिंकले. परदेशात आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू.

मलाया म्हणजे काय होतं तेव्हा ते ऐका. थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, १९४९ ला सुरू झाला. पहिले तिन्ही, ४९, ५२ आणि ५५, मलायाने नेले. वाँग पेंग सून आणि एडी चूंग ह्या दोघांनी ऑल इंग्लंड घरचं करून टाकलं होतं. त्यांच्या अंगणात जाऊन सांगलीच्या माणसाने कप आणला. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्या तुकडीत नाटेकर. मुलगा गौरव मात्र टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला. वडिलांचं राहिलेलं मुलाने केलं म्हणा.

नाटेकरांचं मनगट बघायला लोक जायचे. फूल कुठे जाणार हे समोरच्याला तर सोडाच, पंचालाही शेवटपर्यंत कळायचं नाही असं आमचे आजोबा सांगायचे. आजोबा बुद्धिबळही तसंच सांगायचे, तेव्हा थोडं कमी करून घ्या.

---

तुकोगंजकर
रविवार, दुपारी ३.२०

भडंगराव, चूक मान्य. कान पकडतो. नाटेकरांशिवाय हा धागा म्हणजे शेवेशिवाय पोहे.

पण एक अडचण सांगतो. प्रकाशची १९८० ची फायनल थोडीफार तरी बघता येते. नाटेकरांचं आपल्याकडे काय आहे? आकडे आणि आजोबा.

---

सांगलीचा भडंग
रविवार, दुपारी ३.२४

आजोबा पुरेसे आहेत.

---

चष्मा हरवलेला
रविवार, संध्याकाळी ५.४०

पहिल्यांचा विषय निघालाय तर आणखी मागे जातो. ऑल इंग्लंडच्या एकेरी फायनलला पोचणारा पहिला भारतीय प्रकाश पदुकोण, असं पुष्कळांना वाटतं. प्रकाशच, पण दुसरा. लाहोरचा प्रकाश नाथ, १९४७.

त्या वर्षी तो आणि देविंदर मोहन असे दोघे आपले गेले होते आणि ड्रॉ असा निघाला की उपांत्यपूर्व फेरीत समोरासमोर! एकमेकांना दमवण्यात अर्थ नाही म्हणून दोघांनी चक्क नाणं उडवलं. प्रकाश नाथ पुढे गेला. फायनलला स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून हरला. परत आला तेव्हा फाळणीचं वर्ष. लाहोरचं सगळं गेलं आणि त्याने खेळच सोडला.

दोन प्रकाशांमध्ये तेहेतीस वर्षं.

---

सराफ्यातली खवय्यी
रविवार, संध्याकाळी ५.५५

नाणं उडवून! देवा. ह्यावर कोणी सिनेमा का काढत नाही?

बाकी एक भाषिक शंका. तुम्ही सगळे 'फूल' म्हणताय. आमच्या गल्लीत सगळे 'चिडी' म्हणतात. मराठी घरातली पोरंसुद्धा. सासर पुण्याचं, तिथे मी 'चिडी दे' म्हटलं तर नणंद म्हणाली, "कोण चिडलं?"

---

जुनी प्रेस
रविवार, संध्याकाळी ६.१०

घरात फूल, गल्लीत चिडी, आणि कोर्टाबाहेर पैसे भरताना शटल. इंदुरी माणसाला तिन्ही यायला पाहिजेत.

तसंही ते पिसांचंच. सोळा पिसं, हंसाची किंवा बदकाची, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. चिडीच जास्त बरोबर.

---

बंगळुरी मी
रविवार, रात्री ९.१५

मूळची इंदूरची, रामबागेतली. गेली बावीस वर्षं बंगळुरात, म्हणून दोन गोष्टी.

पदुकोण हे उडुपीकडचं, कुंदापूरजवळचं गाव. घरची भाषा कोंकणी, चित्रापूर सारस्वत. इथल्या जुन्या सारस्वत मंडळींना त्या कॅनरा युनियनचा फार अभिमान. माझ्या शेजारच्या मावशी सांगतात, "आमच्या लग्नामुळे त्या दिवशी प्रकाशचा सराव बुडाला असेल." खरं-खोटं देव जाणे, पण त्या वयाच्या अर्ध्या मल्लेश्वरमला असंच वाटतं.

दुसरं, मूळ लेखात निसटलेलं आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं. ऑल इंग्लंड जिंकल्यावर हा माणूस सत्कार घेत घरी बसला नाही. डेन्मार्कला गेला. कोपनहेगनजवळच्या ह्विडोव्ह्रे क्लबात राहून खेळला. तिथे मॉर्टन फ्रॉस्टसारखा जोडीदार सरावाला. पुढे त्या फ्रॉस्टने चार वेळा ऑल इंग्लंड जिंकलं. आपल्याकडे प्रकाशच्या तोडीचं कोणी नव्हतं, नऊ वर्षं राष्ट्रीय विजेता म्हणजे नऊ वर्षं घरात तोडीस तोड माणूस नाही असाही अर्थ होतो ना? पंचवीस वर्षांचा, बँकेत नोकरी, गावात देवासारखा मान. हे सोडून थंडीत जायचं, परक्या ताटातलं खायचं. १९८१ चं १५-० मला त्या थंडीतून आलेलं दिसतं.

---

तुकोगंजकर
रविवार, रात्री ९.४०

ताई, हे मी लिहायला हवं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये इतका रमलो की डेन्मार्क राहिलं.

१९८१ मध्येच एक हारही आहे. ऑल इंग्लंडची फायनल, पुन्हा समोर किंग. पहिला गेम प्रकाशने १५-११ असा घेतला, पुढचे दोन किंगने १५-४, १५-६ ने. किंग वर्षभर घरी बसला नव्हता, तोडगा काढून आला होता. प्रकाशला ऑल इंग्लंड दुसऱ्यांदा मिळालं नाही. म्हणजे ते कोर्टाबाहेरचे वडील अगदीच चुकत नव्हते म्हणा, नुसत्या टचला लोक उत्तर शोधतात.

---

शंकासुर
रविवार, रात्री ९.५२

ह्या वाक्यासाठी उरलेलं मीठही परत.

---

धारवाली आई
सोमवार, सकाळी ६.३०

कालपासून वाचतेय, आज लिहायचा धीर केला. माझी मुलगी अकरा वर्षांची, तीन वर्षं खेळतेय. आम्ही धारला असतो, शनिवार-रविवार इंदूरला आणते कोचिंगला. प्रियांशू राजावत आमच्या धारचा. २०२३ ला त्याने फ्रान्समध्ये ऑर्लियन्स मास्टर्स जिंकलं त्या दिवसापासून मुलीने भिंतीवर त्याचा फोटो लावलाय. तो लहानपणीच घर सोडून गेला, हैदराबादला गोपीचंद सरांकडे घडला.

आता आमचे कोच (नाव नको) म्हणतात, हिलाही बाहेर पाठवा, इथे वेळ घालवू नका. आणि तेच कोच तिला रोज शंभर जंप स्मॅश मारायला लावतात. तिचा गुडघा दुखतो. सांगितलं तर म्हणतात, "मॅडम, चॅम्पियन बनना है या नहीं?"

घरी दोन मतं आहेत. ह्यांचं म्हणणं दहावीपर्यंत थांबू. खर्चाचंही आहेच. एका डब्यात बारा फुलं, चांगली मॅच झाली तर तीन-चार एका बैठकीला संपतात. प्लॅस्टिकवर खेळली तर सवय बिघडते म्हणे. मला कोणी खेळातलं माणूस सांगेल का, अकराव्या वर्षी पाठवणं बरोबर की चूक?

---

गुडघेदुखी
सोमवार, सकाळी ७.१०

ताई, युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलोय, आणि नाव बघा काय घेतलंय. त्यामुळे पहिलं गुडघ्याचं. अकराव्या वर्षी दुखणारा गुडघा घेऊन शंभर जंप स्मॅश ही तालीम नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तेवढे दिवस उड्या बंद. कोच रागावले तर रागावू देत. तोवर नेटचा खेळ, सर्व्हिस, पायांच्या हालचाली भरपूर शिकता येतात. उलट चांगलंच, मुलगी टच शिकेल.

गोपीचंदचंच उदाहरण घ्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया सोसून तो २००१ ला ऑल इंग्लंड जिंकला. उपांत्य फेरीत डेन्मार्कचा पीटर गाडे, फायनलला चीनचा चेन हाँग, १५-१२, १५-६. पण ते गुडघे त्याला फार वर्षं पुरले नाहीत. आज तो पोरांच्या शरीराची इतकी काळजी का घेतो ते त्यातूनच कळतं.

बाहेर पाठवायचं की नाही हे मी सांगणार नाही. ग्वाल्हेरला आपल्या राज्याचीही बॅडमिंटन अकादमी आहे, घरापासून जरा जवळ. तिची निवड चाचणी कधी असते तेवढं विचारून ठेवा.

---

बंगळुरी मी
सोमवार, सकाळी ८.०५

धारवाली ताई, इथे पदुकोणांची अकादमी आहे, १९९४ ला विमल कुमारांबरोबर सुरू केलेली. गोपीचंद, अपर्णा पोपट तिथे घडले, लक्ष्य सेन अल्मोड्याहून लहानपणीच इथे आला. पण लक्ष्यचे वडील स्वतः कोच होते, घरातच जाणकार माणूस. आपल्यासारख्यांना फोनवरून कळत नाही मुलगी कशी आहे. पाठवायचं झालं तर आधी एखादी सुट्टी इथे येऊन राहा. माझं घर आहे, संकोच करू नका. मेसेज करते.

---

धारवाली आई
सोमवार, सकाळी ८.२०

सगळ्यांचे खूप आभार. आज शाळेतून आली की डॉक्टरांकडे नेते. आणि ताई, तुमच्या घराचं वाचून डोळे भरून आले हो.

---

मी_सिंधूवाली
सोमवार, दुपारी १२.१५

सगळे १९८० मध्येच अडकलात. सिंधूचं काय? २०१९ ला बाझेलला जागतिक अजिंक्यपद, फायनलला जपानच्या ओकुहाराला २१-७, २१-७. रिओला रौप्य, टोकियोला कांस्य. प्रकाशकडे ऑलिंपिक पदक नाही. माझ्या मते सर्वात मोठी सिंधूच.

---

चष्मा हरवलेला
सोमवार, दुपारी १.००

सिंधू मोठी, वादच नाही. पण ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला पदकं १९९२ पासून, बार्सिलोनापासून. तेव्हा प्रकाश सदतीस वर्षांचा. न वाढलेल्या ताटातलं न जेवल्याचा ठपका कसा ठेवणार?

जागतिक स्पर्धेचं म्हणाल तर १९८३ ला कोपनहेगनला त्याने कांस्य मिळवलं. भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक. पुरुष एकेरीत पुढचं कधी आलं माहितेय? २०१९. साई प्रणीत, त्याच बाझेलला, सिंधूच्याच आठवड्यात. छत्तीस वर्षं!

---

मी_सिंधूवाली
सोमवार, दुपारी १.०८

छत्तीस?? बरं. प्रकाश दोन नंबरवर.

---

जुनी प्रेस
सोमवार, संध्याकाळी ७.३०

एक आठवण लिहून ठेवतो, धागा भरकटला तरी चालेल.

प्रकाशची ती नऊ वर्षांची मालिका मोडली सय्यद मोदीने. मग त्याने स्वतः सलग आठ वर्षं राष्ट्रीय पद राखलं. प्रकाशला मागे टाकणारा पोरगा मिळाला म्हणून आम्ही हळहळलोही आणि खूषही झालो. तो गेला २८ जुलै १९८८ ला. लखनौमध्ये स्टेडियमच्या दारात, सराव करून बाहेर पडताना गोळ्या घातल्या. पंचवीस वर्षांचा होता. त्या रात्री आमच्या हॉलवर कोणी दिवे लावले नाहीत.

नाटेकर गेले पुण्यात, २०२१ ला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन. तारीख तीच, २८ जुलै. भडंगरावांनी नाव काढलं म्हणून काल शोधायला बसलो आणि तारीख पाहून तसाच बसून राहिलो.

---

सांगलीचा भडंग
सोमवार, संध्याकाळी ७.४४

हे लक्षात आलं नव्हतं, काका.

---

नवशिका_०७
सोमवार, रात्री ८.३०

काका, तुमच्याकडे ती प्रेस अजून आहे का? मी कधी पाहिलीच नाहीये.

---

तुकोगंजकर
मंगळवार, सकाळी ८.५०

ताजी खबर. आज ते वडील पुन्हा आले होते. मी मुद्दाम फोनवर १९८० ची फायनल लावून त्यांच्या हातात दिली. पाच मिनिटं बघितली. म्हणाले, "हे तर फार हळू खेळतायत." मी म्हटलं, बघा तर किंग कुठे उभा आहे. आणखी दोन रॅल्या बघितल्या. मग विचारलं, "हा सारखा चुकीच्या पायावर का सापडतोय?" फोन अजून त्यांच्याकडेच आहे, घरून मागवून घ्यावा लागेल.

पोराने आज दोन ड्रॉप टाकले. एक नेटमध्ये गेला. वडील ओरडले नाहीत.

येत्या रविवारी सहा वाजता सगळे इंदूरकर कोर्टावर या. जुनी प्रेस काका, तुम्ही तर याच, रॅकेटसकट. नवशिका, तूही. फुलं माझी. उन्हाळा आहे, गरम हवेत लांब जातात, म्हणून कमी वेगाची आणतो. पोहे शंकासुरांकडून.

---

शंकासुर
मंगळवार, सकाळी ९.०५

पोहे माझ्याकडून कधी ठरलं?

---

धारवाली आई
मंगळवार, सकाळी ९.३०

डॉक्टर म्हणाले सहा आठवडे उड्या नाहीत, बाकी खेळ चालेल. रविवारी मुलीला घेऊन येते. ती विचारतेय, लाकडी रॅकेटने एक सर्व्हिस करू देतील का आजोबा?

---

जुनी प्रेस
मंगळवार, सकाळी १०.१५

करू देतील. प्रेस माळ्यावरून काढली आज. दोन स्क्रू फिरतात, दोन गंजून बसलेत. तेल घालून ठेवलंय, रविवारपर्यंत सुटतील.